दोघांचा बॅले, एकट्याने

बाळकुमला आमच्या शेताच्या जागी आता मोठं कॉम्प्लेक्स आहे. त्याच्या क्लबहाऊसमध्ये मी लहान मुलींना बॅले शिकवतो. वॉचमनला मी अजूनही 'झुंबावाले सर' वाटतो. घरी तर बॅले म्हणजे काय हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय. आमच्या भावकीत हळदीला सगळेच नाचतात, पण टाचा जुळवून, पावलं बाहेर वळवून तासन्‌तास आरशासमोर उभा राहणारा मी एकटाच.

माझी जोडीदार आंबिवलीहून यायची. नाचातली जोडीदार, एवढंच. वर्षभर रोज सकाळी आम्ही दोघांचा बारा मिनिटांचा एक बॅले बसवत होतो. सुरुवात अगदी क्लासिकल. ती बोटांच्या टोकांवर, मी तिच्या मागे. त्यात पुरुषाचं अर्धं काम मागे उभं राहण्याचंच असतं. तिला उचलायचं ते असं, की तिला वजनच नाही असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. उत्तरार्धात मात्र अनवाणी जमिनीवर यायचं, लोळायचं, एकमेकांवर सगळा भार टाकायचा. हे दोन भाग सांधायचे कसे, यावरून आमची सारखी भांडणं व्हायची.

एका सकाळी ती बूट न घालताच बाकावर बसून राहिली.

"मला बंगळुरूच्या कंपनीत घेतलंय," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात जायचंय."

"अगं, भारीच की!"

"आणि आपलं?"

"बघू. होईल काहीतरी."

त्या दिवशी आम्ही सराव केला नाही. तिला रिक्षात बसवून मी परत आलो आणि उगाचच सगळी फरशी पुसून काढली.

डोंबिवलीच्या एका छोट्या हॉलमध्ये प्रयोग ठरलेला. दुसरी मुलगी शोधली, मिळाली नाही. मग म्हटलं, तोच बॅले एकट्याने करू. ती जिथे असायची तिथली जागा मोकळी ठेवायची, हवेलाच कमरेत धरायचं, उचलायचं, फिरवायचं. महिनाभर करत राहिलो. मोबाइलवर रेकॉर्डिंग बघितलं की लाज वाटायची. माळ्यावरचा न दिसणारा हंडा खाली काढणारा माणूस दिसायचा.

एका दुपारी आई घराची किल्ली द्यायला आली. तिने कित्येक वर्षं मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलंय. ती दारातच उभी राहून बघत होती. मी थांबलो तशी म्हणाली, "कोनाला उचलतंस?"

"ती नाही का यायची, आंबिवलीची."

"ती तं गेली ना? मंग खोटा कशाला उचलतंस?"

आईने चप्पल काढली आणि आत आली. मान ताठ, नजर समोर, गुडघे किंचित सैल, पाऊल अख्खं टेकवत ती खोलीच्या टोकापर्यंत चालत गेली. तिथे दोन्ही हात वर नेऊन तिने डोक्यावर नसलेली मिठाची टोपली उतरवली आणि परत आली. येतानाही तिची मान तशीच होती.

"टोपली उतारली तरी मान लगेच नाय सुटत," ती म्हणाली. "घरी भाकऱ्या थापताना पन मना वाटं, डोक्यावर वजन हाय."

आई गेल्यावर मी सगळं पुन्हा मांडायला घेतलं. हवेला धरणं बंद केलं. जोडीदाराच्या वजनाने माझ्या अंगात जे ठेवलं होतं तेवढंच घेतलं. जरासा खाली गेलेला उजवा खांदा, तिला झेलायला वाकलेली कंबर. क्लासिकल भागात नुसता मागे उभा राहिलो, पुढे कोणीच नाही. उत्तरार्धात ती जिथे मला सावरायची, तिथे पडलो. दोन भाग आता आपोआप सांधले गेले, आणि भांडायला कोणी नव्हतं.

प्रयोगाला चाळीसेक माणसं होती. त्यातल्या निम्म्या माझ्या विद्यार्थिनींच्या आया. संपल्यावर थोडा वेळ कुणाला टाळ्या वाजवायच्या की नाही तेच कळेना.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "भरलेली टोपली एकटीला डोक्यावर घेता येत नाय. माजे संगती एक होती, ती हात लावायची. लगीन होऊन गेली."

"मग?"

"मंग काय. दुसरी आली. पन तिचा हात येगला."

रेकॉर्डिंग मी बंगळुरूला पाठवलं. तीन दिवसांनी फोन आला. "छान झालंय रे. पण चौथ्या वळणानंतर तू मला लवकर सोडतोस. मी अजून चार मोजेपर्यंत असायचे तिथे."

"नक्की?"

"अरे, मीच होते ना!" ती हसली. मागून तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन घाईत ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी क्लबहाऊस उघडून मी तेवढाच भाग करून बघितला. तिचं बरोबर होतं. चार आकडे म्हणजे काही फार नाही, पण नुसतं उभं राहून मोजायचे तर बराच वेळ लागतो. आता मी ते मोजतो. दुसरा प्रयोग अजून मिळालेला नाही.