दंडावरची पट्टी

स्वाइन फ्लूची लस न घेताच मी दंडावर पट्टी चिकटवून कामावर गेलो. हॉस्पिटलात मी एक्स-रे काढतो, पण सुईला भितो.

आमच्या वॉर्डातल्या सिस्टर कुणावरच विश्वास ठेवत नसत. "हात धुतले" म्हणणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचेही हात त्या हुंगून बघायच्या आणि नुसतं "हं" म्हणायच्या. मग डॉक्टर गुपचूप पुन्हा बेसिनकडे वळायचे. लस घेतल्याशिवाय फ्लूच्या पेशंटजवळ तर त्या कुणाला फिरकूच देत नसत.

मी ऐटीत बाही वर केली. त्यांनी पट्टी बराच वेळ निरखली.

"दुखलं का हो फार?"

"थोडंसं."

"अहो, यंदाची लस नाकात फवारतात. बसा, मान मागे करा. पेशंट तुमच्या तोंडावर खोकतात, दंडावर नाही."