क्लिफ टलक आणि विजेवरचं पिंप

क्लिफ टलकने एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. दक्षिणेकडच्या इन्व्हरकार्गिल शहराच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत जेवढे गोठे आहेत, तेवढ्यांची फाटकं त्याला पाठ होती. गोठ्यावर गेलं की टाकीचं झाकण उघडायचं, वाकून वास घ्यायचा, तापमान बघायचं, नमुन्याची बाटली भरायची आणि मगच नळी जोडायची. वास बरा नसला तर तो दूध घेत नसे. शेतकरी शिव्या घालायचा. क्लिफ म्हणायचा, "शिव्या काय, मी टँकरमधूनही ऐकू शकतो," आणि निघायचा.

तो माझा शेजारी. मी शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. त्याची बायको नोलीन घरी शिवणकाम करायची. लग्नाचे कपडे, नाचाचे कपडे, पडदे, काय म्हणाल ते. क्लिफ सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये बिअर करायचा. तीन मोठी भांडी, एक लोखंडी घडवंची, तिच्यावर गॅसच्या दोन शेगड्या. घडवंची त्याने स्वतः जोडली होती. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बिअर करणाऱ्यांच्या क्लबची बैठक असे. तिथे तो चार बाटल्या घेऊन जायचा आणि इतरांच्या बाटल्यांबद्दल फारसं चांगलं बोलायचा नाही.

सहासष्टाव्या वर्षी त्याच्या डोळ्यांत मधोमध डाग पडायला लागला. म्हातारपणी पडदा खराब होतो, त्यातला प्रकार. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं. दारात कोणी उभं राहिलं तर त्याला दाराची चौकट दिसायची, माणूस नाही. त्याने गाडीचा परवाना कोणी मागायच्या आत स्वतःच जाऊन परत दिला. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. बिअर मात्र सोडली नाही.

मग मार्च महिन्यात त्याच्या बाहीने पेट घेतला. शेगडीवर वाकून तो भांडं ढवळत होता. जखम मोठी नव्हती, मनगटापासून चार बोटं वरपर्यंत. दोन आठवड्यांनी डोळ्यांच्या तपासणीसाठी क्लबमधल्या एकाने त्याला मोटारीने ड्युनेडिनच्या इस्पितळात नेलं होतं, त्या दिवशी नोलीनने गॅसचा सिलिंडर परत पाठवला आणि लोखंडी घडवंची भंगारवाल्याला देऊन टाकली. घडवंची उचलायला मीच हात लावला. क्लिफला ते माहीत होतं. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही आणि नोलीनशी बारा दिवस.

क्लबचा चिटणीस बेव्हन हा आडदांड, बोलका माणूस. इमारतींमध्ये तारा ओढायचा धंदा. एका शनिवारी तो खांद्यावर खोकं घेऊन क्लिफच्या गॅरेजमध्ये आला. खोक्यात स्टीलचं एक उंच पिंप होतं. पिंपाच्या बुडाला वीज, बाजूला पंप, आत सातूचे दाणे ठेवायला जाळीचा डबा, खाली नळ, समोर आकडे दाखवणारी पट्टी. एकाच भांड्यात दाणे भिजवायचे, तिथेच रस उकळायचा, तिथेच गार करायचा. बेव्हनने नवं घेतलं होतं, हे त्याचं जुनं.

क्लिफने पिंपावरून हात फिरवला. "हे चर्चच्या सभागृहात असतं," तो म्हणाला. "यात चहा करतात."

"यात चहाही होतो," बेव्हन म्हणाला. "पण तुझ्या हातचा चहा कोण पिणार? महिनाभर ठेव. नको वाटलं तर ने म्हणून सांग."

"आता सांगितलं तर?"

"आता माझी कंबर दुखतेय."

पट्टीवरची बटणं गुळगुळीत, काचेसारखी. बोटाला काहीच लागेना. नोलीनने शिवणाच्या पेटीतला दाट रंग आणला, कापडावर फुगीर ठिपके काढतात तो. तापमान वाढवायच्या बटणावर एक ठिपका, कमी करायच्या बटणावर दोन, पंपाच्या बटणावर एक आडवी रेघ. क्लिफ शेजारी उभा होता. आभार मानले नाहीत, पण ठिपके वाळेपर्यंत हात लावला नाही. बटण दाबलं की बारीक आवाज यायचा. भांडं सुरू केलं की आकडा नेहमी पन्नासवर असे. म्हणजे सहासष्ट अंश हवे असतील तर सोळा आवाज मोजायचे. एवढं जमलं.

पहिल्या खेपेला बाकी काहीच जमलं नाही. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. जुन्या सवयीने त्याने ते फार बारीक दळलं आणि भसकन ओतलं. पीठ जाळीतून खाली गेलं, बुडाला चिकटलं आणि करपलं. भांडं जास्त तापलं की आपोआप बंद पडतं, तसं ते पडलं. पट्टीवर काहीतरी लुकलुकत असणार. क्लिफ स्टुलावर बसून उकळी फुटायची वाट बघत राहिला. चाळीस मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की भांड्याचा काहीच आवाज नाही. पुन्हा चालू करायचं बटण पिंपाच्या खाली, तळाला. आत पंचवीस लिटर कढत रस. मी आणि नोलीनने दुधाच्या भांड्यांनी तो उपसून काढला, पिंप आडवं केलं, बटण दाबलं, रस परत ओतला.

त्या बिअरला जळक्या पावाचा वास होता. क्लिफने ती ओतून दिली नाही. बाटल्या भरल्या, तीन आठवडे ठेवल्या आणि बेव्हन आला की त्यालाच द्यायचा.

"कशी आहे?"

"वेगळी आहे," बेव्हन म्हणायचा.

"तुझ्या पिंपाचा गुण. घे, अजून अर्धी आहे."

दुसऱ्या खेपेपासून तो शिकायला लागला. शिकायला लागला म्हणजे ऐकायला लागला. पंप रस वर चढवून दाण्यांवर सोडतो. दाणे मोकळे असतील तर तो मुरत जातो, रेतीत पाणी मुरतं तसा, नुसती सळसळ. दाणे घट्ट बसले तर रस वरच साचतो आणि मधल्या नळीतून धो धो खाली पडतो. तो धबधबा ऐकू आला की क्लिफ पंपाचा नळ दोन बोटं बंद करायचा. उकळी यायच्या आधी भांडं गुरगुरतं, मग एकदम शांत होतं, आणि त्या शांततेनंतर फेस चढतो. तेव्हा झाकण काढून, फेस खाली बसवायला हातात पाण्याचा फवारा घेऊन उभं राहायचं. हे सगळं त्याने मला एकदा स्टुलावर बसवून, डोळे मिटायला लावून ऐकवलं. मला सगळे आवाज सारखेच वाटले.

राहिला प्रश्न गोडी मोजायचा. रसात साखर किती उतरली यावर बिअर किती कडक होणार ते ठरतं. त्यासाठी काचेची एक कांडी रसात तरंगत ठेवतात आणि तिच्यावरच्या बारीक रेघा वाचतात. त्या रेघा नोलीन वाचायची.

"पन्नासच्या जरा खाली," ती म्हणायची.

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा."

"अगं, तू बाही कापताना जरा कापतेस का?"

"बाही हलत नाही. ही कांडी डुलतेय."

यावर तोड निघाली ती अशी. अंधांच्या संस्थेकडून त्याला बोलणारा वजनकाटा मिळाला, स्वयंपाकाचा. शाळेत मोडीत काढलेली एक लिटरची बाटली माझ्याकडे होती. तिच्या काचेच्या बुचाला बारीक भोक होतं. काठोकाठ भरून बूच बसवलं की जास्तीचं बाहेर येतं, आत बरोबर एक लिटर. रिकामी बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा. पाणी भरलं तर काटा म्हणतो हजार ग्रॅम. रस गार करून भरला आणि काटा एक हजार अठ्ठेचाळीस म्हणाला, तर अठ्ठेचाळीस. जरा वगैरे काही नाही. काट्यातली बाई शाळेतल्या कडक मास्तरणीसारखी बोलायची आणि क्लिफ तिला "हो बाई" म्हणायचा. मोजलेला रस तो परत भांड्यात ओतायचा. बिअर आंबून झाल्यावर मोजलेला लिटर मात्र कधीच परत गेला नाही.

ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून वादळ आलं. मंगळवार होता, सकाळचे अकरा. मी सुट्टीवर होतो. आमच्या घरची वीज गेली म्हणून त्यांची आहे का बघायला गेलो. क्लिफ गॅरेजमध्ये पिंपाला रजई गुंडाळत होता. नोलीन रजईचं दुसरं टोक धरून होती. दाणे भिजायला घालून वीस मिनिटं झाली होती आणि पंप बंद पडला होता. रस सहासष्टच्या आसपास तासभर ठेवायचा असतो, आणि आता तो तापवायला काही साधन नव्हतं.

"चांगली रजई आहे ती," नोलीन म्हणाली.

"म्हणूनच घेतली."

आम्ही तिघं बसलो. पत्रे वाजत होते. माझ्या थर्मासमधला चहा तिघांनी घेतला. अर्धा तास गेला, तास गेला. क्लिफ मधूनमधून रजईखाली हात घालून भांड्याला टेकवायचा.

"गॅस असता तर हे झालं नसतं," तो म्हणाला.

नोलीनने रजईचं टोक नीट खोचलं.

"मी काय म्हणतो, द्यायची होती तर द्यायची. पण मी घरात नसताना? मी परत आलो, हात पुढे केला, आणि घडवंची नाही. मी गॅरेजभर चाचपत फिरलो. मला वाटलं, आता उरलंसुरलंही दिसेनासं झालं."

मी उठायला लागलो. नोलीनने मला हाताने बस म्हणून खूण केली. मला वाटतं, तिला तिथे कोणीतरी हवं होतं.

"तुझी बाही पेटली ना," ती म्हणाली, "तेव्हा मी दारात होते. तुला दिसलंच नाही. तू ढवळत होतास. ज्वाळा इथपर्यंत आली होती. आणि तू मला विचारलंस, 'नोलीन, कसला गं वास येतोय?' कसला वास येतोय म्हणून विचारलंस तू मला, क्लिफ."

क्लिफचा हात मनगटावरच्या व्रणाकडे गेला.

"तू घरात असतास तर मला ती देऊ दिली नसतीस. मग मी रोज दारात उभी राहिले असते. मला ते होणार नव्हतं."

मग क्लिफ म्हणाला, "सांगायचं होतंस."

"आता सांगितलं."

"हं," क्लिफ म्हणाला. त्याने परत रजईखाली हात घातला आणि थोड्या वेळाने नोलीनला म्हणाला, "हात लावून बघ. साठ असेल का?" तिने हात लावला. म्हणाली, बाळाच्या दुधापेक्षा पुष्कळ गरम आहे, यापलीकडे मला कळत नाही. तो म्हणाला, तेवढं पुरे.

वीज दोन वाजता आली. भांडं पुन्हा पन्नासवरून सुरू झालं. त्याने ठिपका शोधला, आवाज मोजले, पंप चालवला. रस उकळला, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकली, आणि नळाचं बर्फासारखं पाणी रसात बुडवलेल्या नळीच्या गुंडाळीतून सोडून पंधरा मिनिटांत गार केला. ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, तेवढी एक सोय असते.

तीन तास साठच्या आसपास राहिल्याने त्या रसात यीस्टला पचेल अशी साखर जास्त उतरली, आणि आंबताना यीस्टने ती जवळजवळ सगळी खाल्ली. बिअर नेहमीपेक्षा कोरडी, म्हणजे कमी गोड, उतरली. काट्यातली बाई शेवटी म्हणाली एक हजार सहा ग्रॅम. क्लिफला वाटलं बिघडली. पंधरा दिवसांनी चाखली तेव्हा वाटलं, नाही, बिघडलेली नाही. क्लबच्या ऑक्टोबरच्या स्पर्धेत त्याने तीच दिली.

स्पर्धेत बाटल्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. परीक्षकांना माणूस माहीत नसतो. इंग्लिश पद्धतीच्या कडवट बिअरच्या गटात बावीस बाटल्या होत्या. क्लिफचा दुसरा नंबर आला. बेव्हन पहिल्या पाचांत नव्हता.

परीक्षकांचा कागद नोलीनने घरी मोठ्याने वाचला. वास चांगला, चव स्वच्छ, शेवट कोरडा आणि पुन्हा घोट घ्यावासा वाटणारा. दिसण्याचे गुण मात्र कापले होते. "किंचित गढूळ," तिने वाचलं.

"मला तर तो परीक्षकही गढूळ दिसला," क्लिफ म्हणाला.

बेव्हन म्हणाला, "महिना कधीच संपला. माझं पिंप?"

"परत ने. एका अटीवर. ती पहिली बिअर अजून सहा बाटल्या आहे, तीही न्यायची."

बेव्हनने पिंप नेलं नाही.

पुढच्या वर्षी अंधांच्या संस्थेतून फोन आला. लोर्ना नावाची बाई, नुकतीच दृष्टी गेलेली, पूर्वी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. शेगडी लावायला घाबरते, चार महिने गार जेवतेय. टलक, तुम्ही काही सांगू शकाल का? क्लिफ म्हणाला, मला स्वयंपाक येत नाही. तरी तो बसने गेला, नोलीनला आणि तिच्या रंगाच्या नळीला बरोबर घेऊन. नोलीनने विजेच्या शेगडीच्या खटक्यांवर ठिपके काढले. क्लिफने लोर्नाला पातेल्यात पाणी ठेवायला सांगितलं आणि दोघं समोरासमोर बसून ते ऐकत राहिले.

"आता गुरगुरतंय," क्लिफ म्हणाला. "थांबा. आता गप्प होईल."

ते गप्प झालं.

"आता उकळेल."

लोर्नाने त्यात बटाटे टाकले. नंतर तिने दोघांना जेवायला ठेवून घेतलं. उकडलेले बटाटे, लोणी आणि गार मटण. क्लिफ म्हणतो, मीठ जास्त झालं होतं, पण पहिल्या खेपेला माझ्यापेक्षा बरं जमलं.

आता तो सत्तरीचा आहे. कडेचंही कमी दिसायला लागलंय. महिन्यातून एकदा बिअर करतो, तीही सकाळी. बाकीच्या गुरुवारी कोणाच्या तरी घरी जाऊन शेगडीचे, धुलाईयंत्राचे आवाज शिकवतो. नोलीन बरोबर असते. परवा कुंपणापाशी मी त्याला विचारलं, इतक्या घरी फिरून कंटाळा येत नाही का?

"सवय आहे," तो म्हणाला. "फाटकं तेवढी आता नोलीन उघडते."