मावसाजींची वाजणारी लेकरं

जगातल्या सगळ्या लेकरांवर नजर ठेवायचं काम देवाने कोणा एकाच्या गळ्यात घातलं असेल, तर ते आमच्या मावसाजींच्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या, आणि तेही बिनपगारी. तेलुगू मुलखातल्या जैनथजवळच्या खेड्यात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान आपलं म्हणायला. दुरुस्तीला आलेल्या रेडिओचा स्पीकर कुणाच्या तरी बाळाच्या टोपीत जाऊन बसायचा, आणि मालक चौकशीला आला की मावसाजी त्यालाच खडसवायचे, "घरी लहान लेकरू हाय न तुमच्या? मंग रेडिओ काऊन मांगून राह्यले?" बिचारा चहा पिऊन परत जायचा. मी मावला गावाहून माझ्या मुलाला घेऊन गेले की मला 'ये' म्हणायच्या आधी ते वाकून त्याची कंबर चाचपत.

कल्पना तशी साधी. लेकराच्या अंगावर एक डबी, आईजवळ दुसरी. लेकरू लांब गेलं की आईची डबी वाजणार, आणि बटण दाबेपर्यंत वाजतच राहणार. पण लेकराच्या अंगावर ती टिकवायची कशी, यात मावसाजींचे केस पिकले. टोपी पोरं भिरकावून देत, बूट देवळाबाहेर राहत, मनगटावरचा पट्टा चावून चोथा होई. शेवटी त्यांना करदोडा सुचला. "घड्याळ काढतीन, पैंजन काढतीन, पन लेकराचा करदोडा कोनती माय काढते?" असं म्हणून ते आठवडाभर खुशीत होते. पोरं काहीही तोंडात घालतात म्हणून डबी लाखेने बंद केली आणि खात्री करायला स्वतःच दिवसभर गालात धरून बसले. गावाला वाटलं, म्हातारपणी यांना तंबाखूच्या खर्ऱ्याचा नाद लागला.

नार्नूरच्या एका लग्नात त्यांनी मांडवातल्या झाडून सगळ्या पोरांना डब्या बांधल्या होत्या. आपण पळालो की आई वाजते, हा शोध पोरांना लागायला कितीसा वेळ लागणार? ऐन मंगलाष्टकात सगळ्या आया वाजू लागल्या. मावसाजी पोरांमागे "आगु! आगु!" ओरडत धावत होते. थांबा म्हटलेलं पोरं तेलुगूत जास्त ऐकतात, कारण शाळेतले सर तेलुगूत ओरडतात, असं त्यांचं ठाम मत. भटजी चिडले, नवरदेवाचा बाप चिडला, आणि मावसाजी मात्र घामेजल्या चेहऱ्याने सांगत सुटले, "पाहा, चालून राह्यलं न!"

हे सांगताना मी हसते खरी, पण त्या घरात हसून परतताना मला नेहमीच अपराध्यासारखं वाटायचं. मावसाजींना एक मुलगी होती, गुड्डी. तीन वर्षांची. वेचणीच्या दिवसांत मावशी तिला शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या निंबाखाली निजवून कापूस वेचत होती. पोर कधी उठली, कधी विहिरीकडे गेली, कोणालाच कळलं नाही. मावसाजींनी विहीर बुजवली आणि डब्या करायला बसले. मावशीला ते एका शब्दाने बोलले नाहीत, याचं गावाला फार कौतुक. मावशीने त्यानंतर शेतात पाय ठेवला नाही, कोणाचं लेकरू मांडीवर घेतलं नाही. आणि गुड्डीचं नाव त्या घरात दोघांपैकी कोणीच काढलं नाही.

गेल्या वर्षी सीतादहीला, म्हणजे वेचणीच्या पहिल्या दिवशी पराटीला, कापसाच्या झाडाला, दहीभात वाहतात तेव्हा, मावसाजींनी हट्टाने मावशीला शेतात नेलं. माझ्या मुलाच्या करदोड्याला डबी बांधली, दुसरी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आज तूच सांभाळ याले." डबी पडू नये म्हणून मावशीने ती कमरेला बांधलेल्या ओटीत जपून ठेवली, आणि सवयीने हात कापूस वेचू लागले. बोंडांतला कापूस ओटीत पडत गेला. मी पलीकडच्या तासात, पराटीच्या ओळींआड होते.

एकाएकी रस्त्यावरून भोंगा ऐकू आला. माझा मुलगा धुरा ओलांडून, उभ्या असलेल्या ऑटोत चढून, मजेत भोंगा दाबत होता. मी धावत जाऊन त्याला उचलून आणलं, तेव्हा मावशी कापसात हात घालून डबी काढत होती. डबी वाजत होती. ओटीभर कापसाखाली केव्हाची वाजत होती.

"मले आयकूच नाही आलं," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. "माया पोटाशी वाजून राह्यली होती, तरी आयकू नाही आलं."

मावसाजींनी डबी घेतली, परत कापसात दाबली, ओटीला कान लावला. बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, "मलेबी नाही येत."

"मंग तेवा कसं आलं असतं मले?"

"नसतंच आलं. मी कवा म्हनलं का तुयी चूक हाय?"

"नाही म्हनलं तुमी," मावशी म्हणाली. "पन रोज मशीन बनवत राह्यले."

मावसाजींचा चेहरा तेव्हा मला पाहवला नाही. इतकी वर्षं ते बायकोच्या डोळ्यांसमोर बसून तिचीच चूक दुरुस्त करत होते, आणि त्या भल्या माणसाच्या हे ध्यानीही आलं नव्हतं. ते तिच्याजवळ मातीतच बसले. मावशी रडली, आम्हा सगळ्यांदेखत, मोठ्याने. त्यांनी तिला गप्प केलं नाही.

ती शांत झाल्यावर मीच विषय बदलायला म्हटलं, "आईकडची डबी दंडाला बांधायला पाहिजे."

मावशीने पदराने तोंड पुसलं. "कुठीबी बांधा. गुड्डीनं पह्यल्याच दिवशी फोडली असती."

मावसाजींनी मान वर केली.

"नसती फोडली," ते हळूच म्हणाले. "पह्यले उघडून पाह्यली असती. मायावर गेली होती ते."

"तुमच्यावर? काहीतरीच! नाक पाह्यलं होतं का तिचं?"

मी मुलाला कडेवर घेऊन परतीच्या ऑटोकडे निघाले. मागे वळून पाहिलं, तर दोघं पराटीत तसेच बसून तिच्या नाकावरून भांडत होते. मी निघालेय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.