आत्यानं बांधलेल्या शिंद्या

आमची आत्या गिऱ्हाइकाशी आधी भांडायची, मग झाड विकायची. गेवराईच्या अलीकडे हायवेला लागून तिची नर्सरी होती. तिथं गुलाब नव्हता, जास्वंद नव्हती. नुसते खजुराचे प्रकार. कुंडीतला बुटका खजूर, निळसर पानांचा अरबी आणि आपली ओढ्याकाठची गावठी शिंदी, जिचा रस ताडीसारखा पितात ती. पाटीवर ‘शिंदी मिळेल’ एवढंच लिहिलेलं. एखादा ट्रकवाला हमखास गाडी थांबवून विचारायचा, “आक्का, ताजी हाय का?” आत्या म्हणायची, “हाय की. मुळासकट हाय. उचल अन् पी.”

रोपं लहान असताना अरबी कोणतं आणि गावठी कोणतं, हे तिलाही दरवेळी सांगता यायचं नाही. एका मास्तरांनी दारात शोभेला नेलेला अरबी खजूर मोठेपणी शिंदी निघाला. ते तणतणत आले, “फसवलंत तुम्ही!”

“मास्तर, सावली पडती का?”

“पडते.”

“मंग ती काय गावठी पडती व्हय?”

मास्तर जाताना आणखी एक कुंडी घेऊन गेले. का घेतली, ते त्यांनाही कळलं नसावं.

तिचं खरं काम मोठ्या झाडांचं. कुणी बांध मोकळा करायला निघालं की आत्या तिथली शिंदी मुळांच्या गड्ड्यासकट क्रेननं उचलायची आणि एखाद्या ढाब्याच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या दारात उभी करायची. मजूर-क्रेनचं मी बघायचो. उचलण्याआधी ती खालची पानं छाटायची, उरलेली शेंड्याभोवती गोळा करायची आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं घट्ट बांधायची. याला ती झाडाची वेणी म्हणायची. गाठीतून नवा कोंब वर सरकेपर्यंत वेणी सोडायची नाही, आणि सोडायची ती तिनंच. “शिंदीला येकच शेंडा असतोय. त्यो उन्हावाऱ्यानं मेला की झाड मेलं. मागून महिनोन्महिने हिरवं दिसतंय, ते नुसतं दिसतंय.”

“मी बांधलेलं जगतंय,” असंही ती म्हणायची. त्यात फुशारकी नसायची. नवरा तरुणपणी गेला, शेत दिरांनी घेतलं. हाताला गुण आहे, एवढंच काय ते आपलं, असं तिला वाटत असावं. असावं म्हणतो, कारण ती कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मग एका लॉन्सचं काम आलं. फाटकाच्या दोन बाजूंना दोन शिंद्या लावल्या. उद्घाटनाच्या दिवशी आत्या कपिलधारला दर्शनाला गेली होती. मालक मला म्हणाले, “पाहुणे यायलेत अन् तुमची झाडं डोकं बांधून बसलीत. दुखतंय का त्यांचं?” सगळे हसले. मीही हसलो, शिडी लावली आणि दोन्ही वेण्या सोडल्या. दिवसभर ऊन होतं, गरम वारा होता. पाहुणे गेल्यावर त्याच पट्ट्यांनी पुन्हा तशाच गाठी मारल्या. आत्याला फोन का केला नाही, हे अजून मला सांगता येत नाही. मालकांची भीती नव्हती. लाज म्हणावी, तर ती कुणाची वाटली, तेही कळत नाही.

पावसाळ्यानंतर डाव्या बाजूच्या शिंदीचा मधला कोंब आत्यानं हलकेच ओढला, तर तो सरळ हातात आला. खाली कुजका वास. आजूबाजूची पानं हिरवीगार होती. आत्यानं तो उलटसुलट करून पाहिला. “गुण गेला हाताचा,” म्हणाली.

मी शिडी आवरायला घेतली.

त्यानंतर तिनं मोठ्या झाडाला हात लावला नाही. लोक यायचे, विनवायचे. ती म्हणायची, “दुसरा मानूस बघा.” गिऱ्हाइकाशी भांडणंही बंद झाली. सांगेल त्या भावात, मागेल ती कुंडी द्यायची. मला ती शांतता सहन होईना, आणि कैक वर्षं मी ती सहन केली.

शेवटी ती चकलांब्याला लेकीकडे राहायला निघाली, तेव्हा बोललो. “आत्या, गुण गेला नव्हता. वेण्या मी सोडल्या होत्या.”

तिनं विचारलं, “दोन्ही?”

“दोन्ही.”

“मंग उजवीकडली कावून जगली?”

ती शिंदी आजही फाटकाशी झुलते आहे. मीच मारली म्हणावं, तर तीच चूक दुसरीनं पचवली. नाही म्हणावं, तर आत्याचा हातच गेला होता असं होतं. आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. “मला बरं वाटावं म्हणून लबाड बोलतोस व्हय रं? लई मायाळू हायस.”

मी शपथ घेतली. तिनं ऐकलं नाही.

गेल्या साली ती गेली. दहाव्याला चकलांब्यात तिची लेक सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणाली, “आईच्या तोंडी शेवटपर्यंत ह्याचंच नाव. ‘माझ्यासाठी भाच्यानं सोताच्या अंगावर आळ घेतला,’ म्हनायची.”

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “न्हाई ताई. खरंच मीच सोडल्या होत्या.”

ताईनं पदर तोंडाला लावला. “बघा,” ती म्हणाली, “अजून बी तेच म्हनतोय.”