मोठ्या मॅडम आणि कार्डावरचं वय

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या मोठ्या मॅडम पेशंटच्या आधार कार्डावरचं वय कधी खरं मानत नसत. कार्ड बाजूला ठेवून विचारत, "मावशी, बहात्तरच्या दुष्काळात लेकरं किती होती?" मग किल्लारीचा भूकंप, मग थोरल्या नातीचं लग्न. एवढी चौकशी झाली की वय लिहीत. आम्ही नर्सेस गालातल्या गालात हसायचो.

मॅडम निलंग्याकडच्या. एरवी बोलणं पुस्तकी, पण डोकं फिरलं की थेट गावाकडच्या बोलीवर. सलाईन बदलायला उशीर झाला म्हणून मीही ती बोली खाल्लेली आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पंचेचाळीसच्या पुढच्यांना लस सुरू झाली. जिल्ह्याच्या बैठकीत पडद्यावर आकडे आले: साठीपुढचे पेशंट कमी झालेले, पंचेचाळीसच्या आतले वाढलेले. लशीनं म्हातारे वाचले, आता रोग तरुणांकडे वळला, असा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी अर्थ काढला. मॅडम धुमसतच वॉर्डात आल्या. "तरणे म्हणं! हितं येऊन बघा म्हणावं. निम्म्या बायांच्या तोंडात दात न्हाईत."

आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारी म्हटलं की मुकादम कामावर घेत नाही, म्हणून मजुरीला जाणाऱ्या बायांनी कार्ड काढतानाच वय कमी सांगितलेलं. त्यात त्यांचं काय चुकलं? पोट कोणी भरणार होतं का? आणि आता त्याच वयावर बोट ठेवून लशीच्या केंद्रावरून त्यांना परत पाठवत होते.

कंधारकडची गयाबाई अशीच परत गेलेली. कार्डावर चव्वेचाळीस. पुढे धाप लागली तेव्हा लेक तिला आमच्याकडे घेऊन आला. मॅडमनी आमच्यासमोर साहेबांना फोन लावला.

"साहेब, हिचा लेक अडतीस वर्षांचा हाय. मंग ही सहा वर्षांची असताना बाळंत झाली का?"

संगणक कार्डावरचंच वय घेतो, असं उत्तर आलं. मॅडमनी विनवलं, भांडल्या, निदान गावात उरलेल्या अशा बायांना तरी लस द्या म्हणाल्या. वरून नियम काही बदलला नाही.

गयाबाई गेली. मॅडमनी अहवालात तिचं वय पासष्ट लिहिलं. तो कार्डाप्रमाणे दुरुस्त करा म्हणून परत आला. त्यांनी पुन्हा पासष्टच लिहून पाठवला. मग अहवालाऐवजी त्यांच्या बदलीचा हुकूम आला. जाताना मला म्हणाल्या, "मला कुठंबी धाडा. बाई म्हातारीच होती, आन् लस मिळाली असती तर वाचली असती." त्यांचे डोळे भरले होते आणि त्याचाही त्यांना राग आलेला दिसत होता.

त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी अहवाल मुकाट्यानं कार्डाप्रमाणे केला. पुढच्या बैठकीला मी मागच्या खुर्चीवर बसले होते. साहेब पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, तरुण बेफिकीर झालेत, मास्क न लावता उंडारतात आणि मग असे मरतात. पडद्यावरच्या त्या तरुणांत आमची गयाबाई होती.