पाणी म्हणा

माझ्या सासूच्या अंगावरून वारं गेलं ते भर उन्हाळ्यात, लातुरात झाडाचं पान हलत नव्हतं तेव्हा. वारं आलं कुठून, एवढंही कुणाला सुचलं नाही. खिडक्या लावल्या, कानाला फडकं बांधलं, कुणीतरी कबुतराचं रक्त आणून उजव्या अंगाला चोळलं. चार दिवस असेच गेले. मी दवाखान्याचं नाव काढलं तर नवरा म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" त्या घरात मला गप्प बसायची सवय होती.

पाचव्या दिवशी नेलं. लातूर जिल्हा नवा झाला होता, सरकारी दवाखान्यावर जिल्ह्याची पाटी चढली होती, आतल्या खाटा मात्र जुन्याच. डॉक्टर तरुण आणि तुसडा. त्यानं सासूच्या तळपायावरून किल्ली ओढली, तसा अंगठा वर गेला. दात दाखवायला लावले, तर तोंड डावीकडं ओढलं गेलं.

"वारंबिरं काही नाही. मेंदूची नस बंद झालीय. चार दिवस काय पूजा करत होतात?" असं म्हणून त्यानं तिच्यापुढं तांब्या धरला. "आजी, हे काय आहे?"

सासूनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सटवे."

चमचा दाखवला, सटवे. पोटचा लेक दाखवला, सटवे. डॉक्टर म्हणाला, "वाचा गेली की कधी कधी एखादाच शब्द उरतो, तोंडात बसलेला. ही सटवी कोण?"

नवऱ्यानं मान फिरवली. शेवटी मीच म्हणाले, "मी."

मी अर्धापूरकडची. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं सुनावलं होतं, "तुमच्याकडं केळीला पाणी पाजतात, हितं माणसाला न्हाई. समजून ऱ्हा." प्यायचा रांजण तिच्या ताब्यात असायचा. पोटुशी असताना तिला न विचारता मी तांब्या बुडवला, तर तिनं उलथन्यानं माझी बोटं फोडली. करंगळी अजून वाकडी आहे.

डॉक्टरनं काय काय सांगितलं. हातपाय रोज हलवा, भिंतीला धरून उभं करा, लाड करू नका. खुणेनं मागितलं तर देऊ नका, शब्द म्हणू द्या. हे शेवटचं तेवढं मी पदराला गाठ मारून घरी आणलं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. भरलेला तांब्या घेऊन मी तिच्यासमोर उभी राहायची, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर.

"पाणी म्हणा, आत्याबाई."

"सटवे."

मग मी तांब्या खाली ठेवायची, आणि बऱ्याच वेळानं जिवापुरते दोन घोट पाजायची. तिच्या ओठाची सालपटं निघाली. शेजारणी दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "लेकरावानी शिकवायलीय बघा सासूला. अशी सून मिळायला नशीब लागतं." मला ते ऐकायला लई गोड वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आणि मला तर तिचं सगळं कळत होतं. लांबवलेलं सटवे म्हणजे तहान. तुटक आलं की लघवीला न्यायचं. नाकातून आलं की कंबर दुखतीय. सकाळी मी जवळ गेले की एक अगदी हळू सटवे निघायचं, त्याचा अर्थ मी लावत नव्हते. औशाला दिलेली नणंद भेटायला यायची, तिला काही उमजायचं नाही, ती रडत अंगणात जायची. उमजत होतं ते फक्त मला, आणि तांब्या धरून उभी राहणारीही मीच.

दोन महिन्यांत ती भिंतीला धरून चार पावलं टाकायला लागली. पावसानं ओढ दिली होती, आणि एक दिवस पाण्याचा टँकरही आला नाही. घरात एकच तांब्या उरला, आणि सकाळपासून मी तो तिला दिला नव्हता. दुपारी तिची जीभ टाळूला चिकटली. तरी मी म्हटलं, "पाणी म्हणा." ती कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "पा... पाणी." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जिंकल्यासारखी मी तिला पूर्ण तांब्या पाजला. डॉक्टरनं तर माझी पाठच थोपटली.

त्या दिवसापासून सटवे बंद झालं. माझ्या धाकानं ती सगळ्यालाच पाणी म्हणायला लागली. भुकेलाही पाणी, लघवीलाही पाणी. आवाजही एकसारखा, मास्तरपुढं पोरानं पाठ म्हणावा तसा. मला काही ओळखू येईना. अंथरूण ओलं व्हायला लागलं आणि मी करवादायला लागले.

एक दिवस जेवण झाल्यावर तिनं डावा हात डोक्यावर दाबून धरला. "पाणी," म्हणाली. मी तांब्या नेला, तर तिनं तो ढकलला. पुन्हा म्हणाली, "पाणी, पाणी." टँकरच्या रांगेत दोन तास उभं राहून आणलेलं पाणी फरशीवर सांडलं आणि माझं टाळकं फिरलं. "मागायचं पण तुम्हीच आणि ढकलायचं पण तुम्हीच?" असं म्हणून मी तिची हनुवटी धरली आणि पाणी ओतलं. तिला ठसका लागला. डोळे वर गेले, मान माझ्या हातावर पडली.

संध्याकाळी दवाखान्यात तिनं प्राण सोडला. दुसरा झटका होता. डॉक्टरनं विचारलं, "डोकं दुखतंय, असं काही म्हणाल्या होत्या का?"

"न्हाई," मी म्हटलं. "पाणी म्हणाल्या."

मातीला आलेली माणसं एकमेकांना सांगत होती, सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेली, म्हातारीचं सोनं झालं. नणंद माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "वैनी, तुम्ही होता म्हणून आईला बोलता तरी आलं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या दुपारी ती सटवे म्हणाली असती तर मला कळलं असतं.