अंजनीताईंची मुखशुद्धी

चेरीतालच्या अंजनीताई देवतळे यांनी नवऱ्याची तंबाखू लग्नाच्या वर्षीच सोडवली. स्वतः त्या दिवसभर गोड सुपारी चघळायच्या. पण ते काही व्यसन नव्हतं, ती मुखशुद्धी होती.

मागच्या दिवाळीत बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साडी घेऊन त्या फुलकी, म्हणजे पाणीपुरी, खायला थांबल्या, तर फुलकी तोंडात जाईचना. त्या ठेलेवाल्यावर उखडल्या, "भैया, इतनी बडी काहे बनाते हो?" त्याने लहान निवडून दिली. तीही ओठांवर फुटली. तिखटाने गालात अशी आग झाली की भांडण अर्धवटच राहिलं.

घरात उपचारांची चढाओढ लागली. नवरा आनंदराव हळद-तूप लाव म्हणाले. जाऊ विनता कोरफडीचा रस घेऊन आली. मुलगा विपुलने मोबाइलवर वाचून टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्या मागवल्या. अंजनीताईंनी सगळं मनापासून घेतलं आणि तोंडाला चव यावी म्हणून वर सुपारी खाल्ली. मग सगळे उपचार बोगस आहेत, असं जाहीर केलं.

शेवटी दाताच्या डॉक्टर समृद्धी यांनी गाल चाचपला. आतून पांढरट, ताठ.

"हा कॅन्सर वाटत नाही काकू, पण पुढे होऊ शकतो. गोळ्यांनी जळजळ कमी होते. गालात इंजेक्शनं आणि रोजचा व्यायाम, यांनी तोंड थोडं उघडतं. फारच आवळलं तर ऑपरेशन."

"यात सगळ्यात चांगलं कोणतं?"

"सुपारी सोडणं."

"ते नाही हो, मी उपचार विचारून राहिली!"

"मीही तोच सांगतेय."

खात्रीसाठी गालाचा तुकडा तपासायला गेला. अंजनीताई गप्प झाल्या. शेजारणी म्हणाल्या, बाई आता समजूतदार झाली. खरं तर आनंदरावांनाही ती शांतता बरी वाटत होती. मग एका दुपारी अंजनीताईंनी विचारलं, "काही निघालं, तर तुमचं कसं होईल?"

आनंदरावांनी सुपारीची डबी उचलली नि स्कूटरची किल्ली शोधू लागले. "तिलवाऱ्याच्या घाटावर जातो. नर्मदेत टाकतो."

"नर्मदामैयाला काहून चारता? कचऱ्यात टाका!"

डबी कचऱ्यात गेली. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. इंजेक्शनं झाली, तोंड थोडं उघडलं, पूर्वीइतकं उघडणार नाही म्हणे, आणि तपासणी कायमची. व्यायाम म्हणून अंजनीताई रोज दातांत लाकडी पट्ट्या धरून बसतात. तेवढ्या वेळात आनंदराव लग्नापासूनचं साचलेलं सगळं बोलून घेतात.